आडवं पडण्याची सोय

बुसान शहराच्या सेंटम सिटी भागात पूर्वी विमानतळ होता. आता तिथं शिनसेगे कंपनीचं अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर आहे. २००९ साली ते उघडलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेसीजला मागं टाकून जगातलं सर्वांत मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून गिनीज बुकात गेलं. हँडबॅगा, परफ्यूम आणि घड्याळांच्या या डोंगराच्या पोटात ‘स्पा लँड’ नावाची जागा आहे. गरम पाण्याची कुंडं, तापलेल्या खोल्या, जेवणघर, पाय बुडवून बसायचा उघड्यावरचा झरा, आणि आरामखुर्च्यांची एक लांबलचक खोली. इंटिरियर डिझाइनच्या फोटोंत ही जागा फार देखणी दिसते. मी तिच्याविषयी लिहायला बसले आहे ते मात्र फोटोंत न दिसणाऱ्या एका गोष्टीमुळे: तिथं लोक जमिनीवर झोपलेले असतात. बायकासुद्धा. अनोळखी माणसांच्या मधोमध, तोंडावर टॉवेल टाकून, खुशाल.

कोरियन मालिका बघणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. डोक्याला टॉवेलची शिंगं बांधून उकडलेली अंडी खाणारी हिरॉइन आपण सगळ्यांनी पाहिली आहे. २००५ सालच्या ‘माय लव्हली साम सून’पासून ती टॉवेलची टोपी घराघरांत पोचली. ज्या जागेत ती अंडी खाते तिला जिमजिलबांग म्हणतात. ‘जिमजिल’ म्हणजे शेक, ‘बांग’ म्हणजे खोली. आपल्या भाषेत सरळ ‘शेकघर’ म्हणता येईल, आणि बाळंतिणीच्या शेकशेगडीची आठवण झाली तर ती अगदीच गैरलागू नाही.

शेकघराची रचना समजून घ्यायला हवी, कारण सगळं मर्म त्यातच आहे. दाराशी चपला काढायच्या, छोट्या लॉकरमध्ये ठेवायच्या. काउंटरवर पैसे भरले की एक मनगटी पट्टा आणि टी-शर्ट-चड्डीचा एक ढगळ जोड मिळतो. तिथून बाईमाणसांची वाट वेगळी, पुरुषांची वेगळी. आत मोठ्या लॉकरमध्ये सगळे कपडे काढायचे, सगळे म्हणजे सगळे, आणि न्हाणीच्या दालनात जायचं. आधी ठेंगण्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात पाऊल. एकमेकींच्या पाठी घासणाऱ्या मायलेकी इथं दिसतात. घासायला ‘इटली टॉवेल’ नावाचा खरखरीत हातमोजा असतो. त्याचा इटलीशी संबंध एवढाच, की त्याचं कापड मुळात तिकडून आलं होतं. पैसे दिले की अंगभर घासून देणारी बाई मिळते. ती तुम्हाला पाटावरच्या भाकरीसारखी उलटसुलट करते आणि अंगावरचा मळ तुम्हालाच दाखवते. हे झालं की तो ढगळ जोड चढवून सामायिक दालनात यायचं. इथून पुढं बायका, पुरुष, पोरं, आजी-आजोबा सगळे एकत्र.

प्रवेशापासून या दालनापर्यंत माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. चपला, पाकीट, कपडे, मेकअप. मधल्या दालनात पोचेपर्यंत मॅनेजर कोण आणि डिलिव्हरीवाला कोण हे कळायचा मार्ग उरत नाही. सगळे एकाच मापाच्या बावळट चड्डीत. बायकांच्या कपड्यांचा रंग बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, म्हणजे भेद पूर्ण पुसलेला नाही. पण माझ्या मते या जागेतलं सर्वांत यशस्वी डिझाइन ना भिंतीवरचं लाकूड आहे, ना छतावरचा प्रकाश. तो जोड आहे. आत बसणाऱ्यांनी एकमेकांकडे कसं बघायचं हे तो ठरवतो. आपल्याकडच्या कुठल्याही आर्किटेक्टच्या बजेटमध्ये हा आयटम सापडायचा नाही.

दुसरं यश जमिनीचं. कोरियन घरात उष्णता खालून येते. पूर्वी चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या बोगद्यांतून फिरवायचे, आता पाइपांतून गरम पाणी फिरवतात. याला ओंदोल म्हणतात. जमीन उबदार असली की माणूस आपोआप तिच्याकडे जातो. खुर्ची अनावश्यक होते, जेवण ठेंगण्या चौरंगावर येतं, आणि जेवण झालं की तिथंच कलंडता येतं. बसणं, जेवणं आणि झोपणं यांच्यासाठी तीन वेगळे फर्निचरचे संच लागत नाहीत. वाड्यात वाढलेल्या आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. सारवलेल्या जमिनीवर पंगत, मग तिथंच पदर उशाशी घेऊन वामकुक्षी.

तापलेल्या खोल्यांचा इतिहासही जुना आहे. पंधराव्या शतकात, सेजोंग राजाच्या काळातल्या नोंदींत रोग्यांना घाम काढायला नेण्याच्या भट्ट्यांचा उल्लेख सापडतो. दगडमातीचा घुमट, आत पाइनचं लाकूड जाळायचं, राख काढायची आणि साचलेल्या धगीत पोत्याची फडकी पांघरून बसायचं. आजच्या शेकघरांत त्याच घुमटाच्या सभ्य आवृत्त्या असतात: पिवळ्या मातीची खोली, मिठाची खोली, कोळशाची, जेडची. दारावर तापमानाचा आकडा, चाळीसपासून नव्वद अंशांपर्यंत. आणि शेजारी एक बर्फाची खोली. एवढा उकाडा सोसून त्या बर्फाच्या खोलीत पाऊल ठेवलं की जे होतं ते सांगायला मराठीत ‘हुश्श’ सोडून शब्द नाही.

या खोल्यांबाहेर लावलेल्या पाट्या मात्र वाचू नयेत. इन्फ्रारेड किरणांनी शरीरातलं विष बाहेर पडतं, जेडमुळे अमुक अवयव सुधारतो, वगैरे. घामात पाणी आणि मीठच प्रामुख्यानं असतं. विषारी द्रव्यांचा निचरा करायला यकृत आणि मूत्रपिंडं बसवलेली आहेत आणि त्यांना जेडची गरज पडत नाही. खोली छान आहे, अंग मोकळं होतं, हे पुरेसं कारण असताना त्याला औषधाचं लेबल का चिकटवावं लागतं? आनंदासाठी पैसे मागायला सगळीकडेच लोक लाजतात बहुतेक. आपल्याकडे तेच काम ‘आयुर्वेदिक’ हा शब्द करतो.

खाण्याबाबतीत मात्र ही जागा विलक्षण शहाणी आहे. आता बहुतेक मॉलमध्ये स्पा आणि रेस्टॉरंट शेजारी असतात, पण ते शेजार भाड्याच्या हिशोबानं ठरलेलं असतं. शेकघरात खाणं हा शेकाचाच पुढचा टप्पा असतो. एका बैठकीत अर्धा लिटर घाम सहज जातो, म्हणजे पाणी आणि मीठ गेलं. मग समोर येतं ते शिक्ये, तांदूळ आणि सातूपासून केलेलं गोड, बर्फाळ पेय, तळाशी शितं तरंगत असलेलं. आणि तासन्‌तास भाजून आतून तपकिरी झालेली अंडी, मिठात बुडवून. भूक वाढली तर समुद्री शेवाळाचं सूप, मियोक-गुक, जे तिकडे बाळंतिणीलाही देतात आणि वाढदिवसालाही करतात. हा मेनू कुणा सल्लागारानं बनवलेला नाही. घामेजलेल्या माणसाला काय लागतं यातून तो आला आहे. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावरच्या फराळाला जी चव असते ती दुपारी चारला त्याच चकलीला नसते. अंघोळ आणि खाणं यांचा क्रम लागला की दोन्हींची किंमत वाढते.

या सगळ्या पार्श्वभूमीवर स्पा लँडकडे पाहिलं की कौतुक आणि चिडचिड एकदमच होते. जागा स्वच्छ आहे, लाकूडकाम सुंदर आहे, पाणी खरंच जमिनीखालून आलेलं आहे. उघड्यावरच्या झऱ्यात पाय सोडून बसलं की शहरात आहोत हे विसरायला होतं. पण आतल्या खोल्यांची यादी एखाद्या टूर कंपनीच्या पत्रकासारखी आहे. एक रोमन, एक तुर्की हमाम, एक फिनिश सौना, एक बाली. एक पिरॅमिडसुद्धा आहे, कोन जपून बांधलेला. कोरियाची स्वतःची पिवळ्या मातीची खोली या सगळ्यांच्या रांगेत एक पर्याय म्हणून उभी आहे. अनलिमिटेड थाळीत भाकरी जशी ‘लाइव्ह काउंटर’वर जाते, तसं. आणि मोठ्या आरामखोलीत प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र टीव्ही. जमिनीनं ज्यांना एकत्र आणलं त्यांना या खुर्च्या पुन्हा विमानाच्या सीटवर बसवतात.

माझी मुख्य तक्रार मात्र घड्याळाशी आहे. स्पा लँडच्या प्रवेशाला चार तासांची मुदत असते. आत खाण्यापिण्यावर ठराविक रक्कम खर्च केली तर मुदत वाढते.  मी रोज जे काम करते त्यात याला सेशन टाइमआउट म्हणतात. मनगटावरचा पट्टा म्हणजे तुमचं टोकन. तेच लॉकर उघडतं, तेच जेवणाची नोंद करतं, आणि बाहेर पडताना त्याच्यावरच एकूण बिल निघतं. पाकीट आत नसतं, तेव्हा प्रत्येक शिक्येच्या वेळी पैसे जाताना दिसत नाहीत. साध्या शेकघरातही पट्टा असाच चालतो, त्यामुळे एकट्या स्पा लँडला दोष देता येणार नाही. फरक पडतो तो वेळेच्या हिशोबानं. गल्लीतलं शेकघर चोवीस तास उघडं असतं. शेवटची मेट्रो चुकलेला विद्यार्थी, दुसऱ्या गावाहून परीक्षेला आलेली मुलगी, नवऱ्याशी भांडून निघालेली बाई, हॉटेल परवडत नसलेला ट्रकवाला, सगळे तिथं रात्र काढतात. तिथं खाली मेणचट पिवळं लिनोलियम, वर ट्यूबलाइट, उशाला रेक्झिनचा ठोकळा. काही ठिकाणी बायकांना झोपायला वेगळी खोली असते, काही ठिकाणी चक्क घोरणाऱ्यांना वेगळी. इंटिरियर म्हणून दहापैकी तीन गुण मिळतील. स्पा लँड रात्री बंद होतं. तिथं झोप लागली तरी ती चार तासांची.

लाकडाची जात, दिव्यांचा रंग यांवर डिझाइनची मासिकं पानंच्या पानं खर्च करतात. एखाद्या जागेत किती वेळ थांबता येतं आणि कोणत्या अवस्थेत, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. एखाद्या शहरात बाईला फुकट किंवा स्वस्तात, सुरक्षितपणे आडवं कुठं पडता येतं? पुण्यात मी हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा यादी फार छोटी झाली. स्टेशनवरची लेडीज वेटिंग रूम. एखाद्या जुन्या देवळाचा सभामंडप, तोही दुपारी आणि पुजारी भला असेल तर. वारीच्या मुक्कामाला शाळांच्या व्हरांड्यांत ओळीनं झोपलेल्या बायका आठवतात, पण ती सोय वर्षातून पंधरा-वीस दिवसांची आणि विठोबाच्या नावावरची. मॉलमधल्या बाकांना मधे हात बसवतात, का ते उघड आहे.

आपल्याकडच्या स्पाची रचना तर उलट्या दिशेनं जाते. शहरातल्या एका चकचकीत ठिकाणाचं गिफ्ट व्हाउचर ऑफिसमधून मिळालं म्हणून गेले होते. अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना बंद केबिनी, बुद्धाचं मुंडकं, प्लास्टिकचा बांबू, लेमनग्रासचा वास. शेजारच्या केबिनमधल्या माणसाला मी दिसू नये आणि मला तो, यावर सगळा खर्च. बाहेर आलं की कॅफे, आणि तिथं मी पुन्हा पर्स-लॅपटॉप-लिपस्टिकवाली ग्राहक. तासाचे जे पैसे लागतात त्यात कोरियन शेकघरात दोन-तीन रात्री निघाव्यात. ही केबिनची पद्धत नुसती आळशी नक्कल नाही, हे मला मान्य आहे. अनोळखी लोकांनी एका पाण्यात उतरणं ही आपल्या देशात साधी गोष्ट कधीच नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांसोबत लोकांनी पाणी प्याल्यावर गावातल्या सवर्णांनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. सामायिक कुंडाचं ड्रॉइंग काढायला घेणाऱ्या आपल्या डिझाइनरच्या टेबलावर तो इतिहासही असतोच, त्यानं पाहिलं नाही तरी.

कोरियातलं पाणीही सगळ्यांना सारखं नाही. २०११ साली याच बुसानमध्ये उझबेकिस्तानातून आलेल्या आणि रीतसर कोरियन नागरिक झालेल्या एका बाईला एका सौनानं प्रवेश नाकारला. विदेशी दिसणाऱ्या माणसामुळे पाणी खराब होईल, रोग पसरेल, गिऱ्हाईक येणार नाही, असं कारण पुढं आलं. तिनं नागरिकत्वाचं कार्ड दाखवूनही उपयोग झाला नाही. ढगळ जोड सगळ्यांना सारखं करतो खरा, पण तो हातात पडायच्या आधी काउंटर ओलांडावं लागतं. आणि बायकांच्या निर्धास्त झोपेविषयी मी वर जे लिहिलं त्यालाही दुसरी बाजू आहे. छुप्या कॅमेऱ्यांनी स्वच्छतागृहांत आणि कपडे बदलायच्या खोल्यांत चित्रण करण्याचे गुन्हे तिथं इतके वाढले की २०१८ मध्ये सोलच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या होत्या. त्या बायकाही कधीतरी या उबदार जमिनीवर झोपल्या असतील.

आता थोडं वजनाविषयी. माझी डिग्री कॉम्प्युटरची, पण पहिल्या वर्षी मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. अर्धा मीटर खोल कुंड म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलो, तेही कुंडाचं स्वतःचं काँक्रीट, फरशा आणि माणसं न धरता. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडे साधारण २०० किलोच्या वापरभारासाठी धरतात. म्हणून ‘इथं एक छोटंसं प्लंज पूल टाकू या’ हे वाक्य इंटिरियरवाल्यानं टाइल निवडण्याच्या सुरात म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

हा गोळा काल्पनिक नाही, आणि त्याची कथाही कोरियातलीच आहे. सोलमधल्या सांपूंग डिपार्टमेंट स्टोअरच्या पाचव्या मजल्यावर आधी स्केटिंग रिंक होणार होती. मालकांनी तो बेत बदलून तिथं रेस्टॉरंटं आणली. कोरियन रीतीनं गिऱ्हाईक जमिनीवर बसणार, म्हणून खाली गरम पाण्याचे पाइप आणि त्यांच्यावर काँक्रीटचा जाड थर आला. इमारत मुळात या कामासाठी आखलेलीच नव्हती, खांब हवे त्याहून बारीक होते, एस्कलेटरसाठी काही काढून टाकले होते. मूळ कंत्राटदारानं बदलांना नकार दिल्यावर त्याला दूर करून मालकांनी स्वतःच्या कंपनीकडून काम करून घेतलं. १९९३ साली छतावरचे एसीचे अवजड युनिट क्रेननं न उचलता सरकवत नेले, त्यानं स्लॅबला तडे गेले. २९ जून १९९५ ला तडे डोळ्यांदेखत वाढत होते. वरचा मजला बंद केला, दुकान मात्र चालू ठेवलं. संध्याकाळी इमारतीचा एक अख्खा भाग काही सेकंदांत खाली बसला. ५०२ माणसं गेली.

कारणं अनेक होती आणि भ्रष्टाचार त्यातलं सर्वांत मोठं. तरी त्या यादीत उबदार जमीन आहे, हे मला विसरता येत नाही. मी ज्या गोष्टीचं इतकं कौतुक करते आहे तिला वजन असतं. ते कोण पेलणार हे न विचारता ती पाचव्या मजल्यावर नेऊन ठेवली गेली. लेजर स्पेसच्या समीक्षेत छताचा रंग येतो आणि स्लॅबची जाडी येत नाही, कारण स्लॅबचा फोटो निघत नाही.

स्पा लँड व्यवस्थित बांधलेलं आहे, त्यात शंका घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. त्यानं शेकघर उचललं, उत्तम धुतलं, आणि त्यातला फक्त आळस काढून टाकला. बाकी सगळं आहे: अंडी आहेत, शिक्ये आहे, टॉवेलची शिंगंही लोक हौसेनं बांधतात आणि फोटो काढतात. पण फोटो काढणारा माणूस उभा असतो. बाहेर पडताना दुकानाचे मजले लागतातच, आणि चार तास नरम झालेल्या माणसाइतकं चांगलं गिऱ्हाईक हँडबॅगवाल्याला दुसरं कुठं मिळणार?

इकडे गल्लीतली शेकघरं कमी होत चालली आहेत. कोविडच्या काळात, जिथं माणसं उघड्या अंगानं एकत्र बसतात तो धंदा सगळ्यात आधी झोपला. त्यातून वाचलेल्यांना गॅसच्या वाढत्या दरांनी गाठलं. पाणी तापवणं हाच ज्याचा धंदा त्याला गॅस टाळता येत नाही. नवीन घरांत गरम पाण्याचे शॉवर आहेत, तरुणांना अनोळखी लोकांसमोर कपडे काढायचा संकोच वाटतो. आणि बंद पडलेल्या न्हाणीघराचं दुसरं काही करायचं तर फरशा, नाल्या, बॉयलर सगळं उखडावं लागतं.

किंवा नाही. सोलच्या ग्येदोंग भागात जुंगांग-तांग नावाचं न्हाणीघर होतं, १९६९ सालापासूनचं. ते बंद झाल्यावर २०१५ मध्ये जेंटल मॉन्स्टर या गॉगलच्या ब्रँडनं तिथं दुकान थाटलं. त्यांनी जुन्या फरशा राखल्या, कुंडही राखलं, आणि त्यात माल मांडला. डिझाइनच्या वर्तुळांत त्याची फार तारीफ झाली. फोटो मीही पाहिले, सुंदर आहेत. पांढऱ्या चौकोनी टाइल, कडेची झीज, आणि जिथं बायका एकमेकींच्या पाठी घासत असतील त्या कोरड्या जागेत ओळीनं ठेवलेले काळे चष्मे.